बेलिफ कुणाचा?

आमच्या कट्ट्यावरच्या विद्वानांचे ठरले आहे : कोर्टाचे बेलिफ काढून टाकावेत आणि समन्स, जप्ती, ताबा सगळे खासगी कंपनीला देऊन मोकळे व्हावे. इंग्लंडात हायकोर्टाच्या हुकूमनाम्यांची वसुली २००४ पासून खासगी अधिकारी करतात, हा त्यांचा हुकमी एक्का. करत असतील बुवा! पण कर्ज थकल्यावर दारात उभे राहणारे दणकट वसुलीवाले यांनी पाहिलेच नाहीत की काय? आपला दिवाणी कायदा बेलिफाला बजावतो, बाबा रे, सूर्यास्तानंतर कुणाच्या घरात शिरू नकोस, गरजेची भांडीकुंडी नि अंथरूण उचलू नकोस. टक्केवारीवर पोट असलेल्याला सूर्य मावळल्याचे कळवणार कोण?

तेव्हा नेमणूक जिल्हा न्यायाधीशांकडे आहे, ती तिथेच राहू द्या. माझे भांडण देखरेखीशी आहे. हुकूम न्यायाधीशांचा, पण बेलिफ नाझराच्या हाताखाली. कागद परत येतो, शेरा : 'घर बंद.' ज्या घरातून सकाळी सहापासून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, ते बंद! मग काय, पुढची तारीख. दावा जिंकल्यावरच पक्षकाराचे खरे हाल सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली म्हटले होते. अजून ते हाल संपलेले नाहीत.

समन्स न बजावता परत आणणाऱ्या बेलिफाला शपथेवर तपासायचा अधिकार कोर्टाला आहेच. मग ज्यांचा हुकूम परत आला, त्याच न्यायाधीशांनी त्याला समोर उभे करून विचारावे, "कुलूप कुठल्या कंपनीचे होते हो?"