पडद्यावरील चित्रें आणि आपलीं चित्रें

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या निमित्तानें चित्रकलेची जी स्पर्धा झाली, तिच्या परीक्षणाचें काम आमच्याकडे आलें होतें. विषय मुलांच्या इच्छेवर सोडला होता. सभागृहाच्या भिंतींवर लावलेले कागद पाहत आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलों, तों आम्हांस असें वाटूं लागलें कीं, आपण एकाच कुटुंबाच्या घरीं पाहुणे म्हणून आलों आहों. जिकडे पाहावें तिकडे छोटा भीम! कोठें तो धांवत होता, कोठें लाडू खात होता, कोठें नुसताच दंड फुगवून उभा होता. आणि मध्यें मध्यें डोरेमॉन व मोटू-पतलूची जोडी. रंगकाम बहुतेकांचें स्वच्छ होतें. त्यांतल्या एका नीटस भीमास आम्हीं पहिलें बक्षीस दिलें आणि निश्चिंत मनानें चहा घ्यावयास गेलों.

बक्षीससमारंभाच्या दुसऱ्या दिवशीं प्रार्थना संपल्यावर पांचवींतील एक मुलगी आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. "सर, माझ्या चित्राचीं पानं उलटून पाहिलींत का?" एवढेंच तिनें विचारलें. तिच्या कागदाच्या कोपऱ्यांत नळावर बसलेला एक लहानसा कावळा पेन्सिलीनें काढलेला होता. बाकीचा सारा कागद कोरा. त्यावर 'अपुरें' हा शेरा आम्हींच मारला होता. आतां नीट पाहिलें तेव्हां कळलें कीं, तो कावळा कागदावर काढलेलाच नव्हता. दोऱ्यानें शिवून कागदास चिकटविलेल्या बारा चिठ्ठ्यांपैकीं तो सर्वांत वरचा होता. अंगठ्यानें त्या चिठ्ठ्या भरभर सोडल्या कीं तो कावळा मान वांकवी, नळाच्या तोंडाशीं चोंच नेई, थेंब टिपी आणि मान झटकून पुन्हां ताठ बसे. आम्हीं त्यास चार वेळां पाणी पाजलें. बक्षिसें तर वांटून झालीं होतीं.

या आमच्या चुकीनें आम्हांस जें विचार करावयास लावलें, तें वाचकांपुढें, विशेषतः पालकांपुढें, मांडावें असें वाटतें.

मुलांच्या कार्टून पाहण्याविषयीं दोन मतें आमच्या कानांवर नेहमीं येतात. कांहीं पालक म्हणतात, हें सारें बंद केलें पाहिजे; यानें डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, जिभेस भलतें वळण लागतें. दुसरे म्हणतात, मूल एका जागीं बसतें, मुकाट्यानें जेवतें, घरांत शांतता नांदते. मग काय बिघडलें? पहिल्या पक्षाच्या गृहस्थांस आम्ही नम्रपणें एवढेंच विचारतों कीं, १९९३ सालीं दूरदर्शनवर रविवारीं जंगलांतला मोगली येऊं लागला तेव्हां आपण कोठें बसत होतां? त्याच्याहि आधीं, १९७४ सालीं, फिल्म्स डिव्हिजनसाठीं विजया मुळे यांनीं 'एक अनेक और एकता' हा छोटासा चित्रपट केला. भीमसेन यांनीं त्यांतील चित्रें हालतीं-चालतीं केलीं. कांहीं मिनिटांच्या त्या चित्रपटानें एकीचा जो धडा दिला, तो आमच्या क्रमिक पुस्तकांतील कोणत्याहि धड्यापेक्षां अधिक घरांत पोंचला हें कबूल केलेंच पाहिजे. तेव्हां पडद्यावरील चित्र म्हणजे विषच, असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें आम्ही मान्य करीत नाहीं. दुसऱ्या पक्षाकडे आम्ही शेवटीं येऊं.

(जिभेच्या वळणाविषयीं मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या पहिलीच्या वर्गांतील मुलें फर्डें हिंदी बोलतात. तें त्यांस कोणत्याहि शिक्षकानें शिकविलेलें नाहीं. एका निळ्या जपानी मांजरानें शिकविलें आहे. हिंदीच्या शिक्षकांनीं त्याचे आभार मानावे कीं त्याच्यावर रागवावें, याचा त्यांस अद्यापि निर्णय करतां आलेला नाहीं.)

केवळ कार्टूनें दाखविणाऱ्या वाहिन्यांचा इतिहास फारसा जुना नाहीं. टेड टर्नर या अमेरिकन धनिकानें १९९१ सालीं हॅना-बार्बेरा या कंपनीचा जुना चित्रसंग्रह विकत घेतला आणि १ ऑक्टोबर १९९२ रोजीं कार्टून नेटवर्क सुरू केलें. आपल्या देशांत तें १९९५ सालीं आलें. प्रारंभीं त्यावर दाखविला जाणारा माल बहुतेक गोदामांतलाच होता. परंतु त्या वाहिनीनें पुढें एक शहाणपणाची गोष्ट केली. १९९५ पासून तिनें नवख्या चित्रकारांकडून छोटे छोटे स्वतंत्र चित्रपट करवून घेण्यास आरंभ केला. त्यांतूनच १९९६ सालीं गेंडी टार्टाकोव्हस्की यांची 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' व १९९८ सालीं क्रेग मॅक्क्रॅकन यांच्या 'पॉवरपफ गर्ल्स' ह्या मालिका निघाल्या. या दोन्ही कल्पना त्या गृहस्थांच्या विद्यार्थिदशेंतील होत्या. कॅलिफोर्नियांतील एका कलाविद्यालयांत शिकत असतां केलेल्या चित्रपटांवरून त्या वाढल्या. म्हणजे तेथेंहि कोणीतरी आपल्या चिठ्ठ्या शिवून आणल्या होत्या, आणि तेथील परीक्षकांनीं त्या उलटून पाहिल्या!

आपल्याकडेहि असें घडलें आहे. २००४ सालीं पोगो ही वाहिनी निघाली आणि २००८ सालीं हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा छोटा भीम तिच्यावर आला. भीमाच्या चित्रांनीं आमचें सभागृह भरून गेलें याचा वर आम्हीं विनोद केला खरा, परंतु आपल्या मातींतला एक मुलगा परदेशी उंदरा-मांजरांच्या रांगेंत जाऊन बसला याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र ढोलकपूर कोणीतरी कल्पनेनें वसविलें, म्हणून तें आहे. आमच्या मुलांनीं त्याच गांवचे रहिवासी होऊन राहण्यापेक्षां आपापलीं गांवें वसवावींत, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां वाहिन्याहि मागें पडत चालल्या आणि स्ट्रीमिंगचा काळ आला. याचा एक गुण उघड आहे: हवें तें हवें तेव्हां पाहावयास मिळतें. आमच्या मतें हाच त्याचा दोषहि आहे. वाहिनीला घड्याळ होतें. कार्यक्रम संपला कीं तो संपे. पुढचा भाग दुसऱ्या दिवशीं किंवा पुढच्या रविवारीं. त्या मधल्या वेळांत मूल काय करी? पुढें काय होईल याचा तर्क करी, गल्लींतल्या सोबत्यांस मोगली-मोगली खेळावयास लावी, आणि कधीं कधीं वहीच्या मागल्या पानावर स्वतःच पुढचा भाग काढी. तो मधला वेळ हीच खरी शाळा होती. आतां एक भाग संपतो न संपतो तोंच दुसरा आपण होऊन सुरू होतो. मुलास तर्क करावयास कोणी सवडच ठेवली नाहीं.

दुसरी गोष्ट नांवांची. या नव्या कंपन्यांच्या पाट्यांचा भरवसा कोणी धरूं नये. आपल्याकडे २०१५ सालीं हॉटस्टार निघालें, २०२० सालीं तें डिस्नी प्लस हॉटस्टार झालें, आणि २०२५ सालीं जिओहॉटस्टार. अमेरिकेंत २०२० सालीं सुरू झालेल्या एचबीओ मॅक्सनें २०२३ सालीं आपल्या नांवांतील पहिला अर्धा भाग टाकून दिला व २०२५ सालीं तो पुन्हां जोडून घेतला. पाटी बदलली म्हणून फार बिघडत नाहीं. परंतु दुकानांतील मालहि नाहींसा होतो हें अधिक वाईट. ऑगस्ट २०२२ मध्यें याच एचबीओ मॅक्सनें कित्येक कार्यक्रम आपल्या कपाटांतून एकदम काढून टाकले. त्यांत ओवेन डेनिस यांची 'इन्फिनिटी ट्रेन' ही मुलांस आवडलेली मालिका होती. पुढच्याच वर्षीं 'कायोटी विरुद्ध ॲक्मी' हा पूर्ण तयार झालेला चित्रपट त्याच घराण्याच्या मालकांनीं प्रदर्शित करावयाचा नाहीं असें ठरविलें. पुष्कळ ओरड झाल्यावर अखेर २०२५ सालीं तो दुसऱ्या कंपनीस विकण्यांत आला. असल्या हिशेबांत किती लोकांचीं किती वर्षें खर्चीं पडलीं याची गणती कोण करणार! पुस्तक एकदां घरीं आणलें कीं प्रकाशकाचें दुकान बंद झालें तरी तें कपाटांत राहतें. येथें पैसे आपण भरतों, पण कपाट दुसऱ्याचें.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं पाटीवर प्रेम करूं नये, करणाऱ्या माणसावर करावें. "आम्ही अमुक कंपनीचेच पाहतों" असें अभिमानानें सांगणारीं मुलें आम्हांस भेटतात, परंतु तें चित्र काढलें कोणीं हें विचारतां गप्प बसतात. यांत त्यांचा दोष नाहीं; शेवटीं नांवांची यादी येऊं लागली कीं पडदा ती कोपऱ्यांत दडपून पुढचा भाग दाखवूं लागतो. आमची सूचना अशी कीं, ती यादी पुरती वाचल्यावांचून उठूं नये. एका सात मिनिटांच्या चित्रपटास किती हात लागतात तें त्यावरून कळेल. पडद्यावर दर सेकंदास २४ चित्रें जातात. एकेक चित्र दोनदां घेतलें तरी सेकंदास १२ काढावीं लागतात. सात मिनिटांचीं झालीं ५,०४०. आमच्या पांचवींतल्या मुलीचा कावळा बरोबर एक सेकंदाचा आहे, आणि त्यासाठीं तिला दोन दुपारी लागल्या.

साधनें थोडीं असलीं म्हणजे कल्पना खुंटते, ही समजूतहि खोटी आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनीं १९४० पासून टॉम व जेरीचे चित्रपट केले आणि त्यांस सात ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. १९५७ सालीं त्यांच्या कंपनीनें तो कारखानाच बंद केला. दोघांनीं स्वतःचा धंदा काढला, पण टेलिव्हिजनवाले पूर्वींच्या मानानें फारच थोडे पैसे देत. पांच हजार चित्रें काढणें शक्यच नव्हतें. तेव्हां त्यांनीं योगी नांवाच्या अस्वलाच्या गळ्यांत कॉलर आणि टाय बांधला. कां? तर कॉलरच्या खालचें धड एकदांच काढावें आणि वरचें डोकें तेवढें हालवावें. सांधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं! अस्वलास टाय शोभतो कीं नाहीं हा प्रश्न निराळा. या काटकसरीनें चित्रांची गति रोडावली, हेंहि आम्ही लपवीत नाहीं; टॉमची धांव आणि योगीची चाल शेजारी शेजारी ठेवून पाहावी म्हणजे फरक कळेल. परंतु काम थांबलें नाहीं.

इतकें दूर तरी कशाला जावें? त्र्यंबकेश्वरास जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच्या आदल्या वर्षीं त्यांनीं कुंडींतल्या वाटाण्याच्या दाण्यास कोंब फुटून रोप कसें वाढतें याचीं रोज थोडीं थोडीं चित्रें घेतलीं, आणि तीं एकापुढें एक दाखवून तो वेल डोळ्यांदेखत वाढविला. वाटाणा, कुंडी आणि रोज न चुकतां तेंच काम करण्याची चिकाटी, एवढें त्यांचें भांडवल. आज पुष्कळ पालकांच्या खिशांत फाळक्यांच्या कॅमेऱ्याहून चांगला कॅमेरा असतो. त्यांतून मुलास दाखवावयाचें तेवढें आपण दाखवितों. करावयास मात्र कांहीं देत नाहीं.

येथें आम्ही त्या दुसऱ्या पक्षाकडे येतों. घरांत शांतता हवी, हें आम्हीं जाणलें आहे. आम्हांसहि घर आहे. तरी मूल पाहत असतां तास-अर्ध्या तासानें पडदा बंद करावा आणि त्याच्यापुढें कोरे कागद व पेन्सिल ठेवावी. पहिले कांहीं दिवस तें रडेल. नंतर भीमच काढील. काढूं द्यावा! नक्कल करून हात बसतो, आणि आम्ही भीम काढणाऱ्या मुलांस नांवें ठेवीत नाहीं. पण महिन्यानें भीमास गांवांतल्या ओढ्यावर आणून उभा करावा, आणखी महिन्यानें भीमास रजा द्यावी. केव्हां कोणत्या घरांत कावळा पाणी प्यावयास येईल हें सांगवत नाहीं. तो आला म्हणजे वरवर पाहून 'अपुरें' असा शेरा देऊं नये, एवढी काळजी वडीलमंडळींनीं घ्यावी. आमच्याकडून ती घेतली गेली नाहीं.

बक्षीस परत घेतां येत नाहीं, आणि भीम काढणाऱ्या मुलाची मेहनतहि खोटी नव्हती. तेव्हां त्या मुलीच्या संमतीनें आम्हीं दुसरी तजवीज केली आहे. मुद्रकांनीं खर्चाची थोडी कुरकुर केली, पण शेवटीं ते कबूल झाले. या अंकाच्या मराठी विभागाच्या चोवीस पानांपैकीं उजव्या हाताच्या बारा पानांवर, खालच्या कोपऱ्यांत, तो कावळा क्रमानें छापला आहे. वाचकांनीं पानें अंगठ्यानें दाबून धरावींत आणि भरभर सोडावींत.