'रन'चा पसारा

ऑक्सफर्डच्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत अर्थांच्या संख्येत 'सेट' अव्वल होता. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या एकाच क्रियापदासाठी सुमारे नऊ महिने खर्ची घातले आणि ६४५ अर्थ वेगळे काढले.

नळ वाहतो, नाक गळतं, यंत्र चालतं, उमेदवार निवडणूक लढवतो, धुताना कपड्याचा रंग जातो, एखादा आजार घराण्यात चालत येतो: इंग्रजीत सगळीकडे 'रन'च. यंत्रयुगाने आणि नंतर संगणकाने त्यात भरच घातली.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. तरी अनेक वह्यांत 'रन म्हणजे धावणे' एवढंच लिहिलेलं असतं. ही घोकंपट्टी थांबायलाच हवी. शब्द वाक्यातून शिकवावेत. सर्दी झालेल्या चौथीतल्या पोराला 'माय नोज इज रनिंग' सांगून बघा. तो खदखदून हसेल आणि पुन्हा विसरणार नाही.