पोळपाट आणि पुस्तक

बडोद्याच्या नैर्ऋत्येस सुमारे १६ किलोमीटरांवर पादरा हे तालुक्याचे गाव आहे. भाजीपाल्याच्या मोठ्या बाजारासाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. हा मुलूख एकेकाळी गायकवाडांच्या राज्यात मोडत असे. त्यामुळे चाकरीनिमित्त इकडे आलेली कित्येक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथलीच होऊन राहिली. त्यांच्या घरी चुलीपाशी मराठी, बाजारात गुजराती आणि कॉलेजच्या पुस्तकांत बहुधा इंग्रजी अशा तीन भाषा नांदतात. अशा घरातल्या, तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या एखाद्या लेकुरवाळ्या स्त्रीने अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा हाती धरले, तर तिचा दिवस कसा जातो, याचा विचार आज वाचकांनी आमच्यासमवेत करावा, अशी आमची इच्छा आहे.

पहाटे पाचाला ती उठते. पाणी भरणे, चहा, सर्वांचे डबे, मुलींची वेणीफणी, सासऱ्यांची औषधे, एवढे उरकून ती वर्गाला निघते. पादरा गावीच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे महाविद्यालय आहे, ही मोठी सोय. परंतु हवा असलेला विषय बडोद्यासच असला, तर बसची वाट पाहणे आले. वर्गात शेजारी बसलेली मुलगी तिच्या थोरल्या लेकीच्या वयाची आणि शिकविणारे अध्यापक कधीकधी तिच्याहून लहान. दुपारी परतावे तो भांडी तशीच, कपडे तसेच. संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्रीचा स्वयंपाक, झाकपाक. आणि दहा वाजल्यानंतर, घर निजले म्हणजे, तिची वही उघडते. घरात कोणाचे काही कमी झालेले नसते. कमी झालेली असते ती फक्त तिची झोप!

ही गोष्ट आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगत आहोत. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि जे पुरुष असे काम करतात, ते ९७ मिनिटे, असे आढळून आले. म्हणजे स्त्रीचे जवळजवळ पाच तास, तर पुरुषाचा तास-दीड तास. त्यातही घरकामास हात न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत. तेव्हा प्रौढ विद्यार्थिनी मागे पडली, तर तिची बुद्धी गंजली असे घाईने म्हणू नये. आधी तिच्या वाट्यास किती तास आले, ते मोजावे.

मोठ्या वयात अक्षर वळत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. या प्रांताचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलास लिहिता-वाचता येत नव्हते. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि पुढे खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तके पाठविणारी फिरती ग्रंथालये चालविली. उशिरा आरंभ केलेल्या माणसास पुस्तकाची किंमत अधिक कळते, हेच खरे. तथापि राजवाड्यातील विद्यार्थ्यास स्वयंपाक करावा लागत नाही, हेही विसरता कामा नये.

म्हणून दुसरे उदाहरण घ्यावे ते पार्वतीबाई आठवले यांचे. या अण्णासाहेब कर्वे यांच्या मेहुणी. ऐन विशीत वैधव्य आलेले, पदरी एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्यांनी अभ्यासास प्रारंभ केला आणि पुढे अण्णासाहेबांच्या आश्रमाच्या कामास वाहून घेतले. इंग्रजी यावे ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले व भाषाही शिकून घेतली. हातात केरसुणी आणि मनात पुस्तक, अशी ती विद्यार्थिदशा होती.

रमाबाई रानडे यांची कथा याहून आपल्या घरांच्या जवळची आहे. न्यायमूर्ती पत्नीस आवडीने शिकवीत. परंतु घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचत नसे, आणि त्यांचे टोमणे सोशीत रमाबाईंना आपला अभ्यास करावा लागे. हे सर्व त्यांनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने नमूद केले आहे. पुढे त्याच रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनात मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी वर्ग चालविले. नवऱ्याचा पाठिंबा असला म्हणजे सर्व झाले असे नाही. स्वयंपाकघराचीही संमती लागते, हा त्यांच्या कथेचा बोध आहे.

अलीकडचा दाखला ठाणे जिल्ह्यातील. मुरबाड तालुक्याच्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाठीशी दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. शाळेची वेळ दुपारची, कारण तोवर घरचे काम उरकलेले असते. येथे शाळेनेच विद्यार्थिनीच्या दिवसाकडे पाहिले. आपल्या घरांनीही तसेच पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

कोणी म्हणेल, “आता शिकून काय नोकरी करायची आहे?” करायची असेल, तर त्यात वावगे काय? आणि नसली, तरी बँकेचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, जमिनीचा उतारा स्वतः वाचणारी गृहिणी संकटात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही. घरचा कर्ता पुरुष अकाली गेला, म्हणजे या एका गोष्टीचे मोल घराला कळते; परंतु ते कळेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. शिवाय आई अभ्यासास बसलेली दिसली, की मुलांना वेगळा उपदेश करावा लागत नाही.

सासूबाईंची बाजूही आम्ही जाणतो. जन्मभर राबून थकलेल्या देहाने सुनेच्या वाटणीचे काम पुन्हा का उचलावे? त्यांचे म्हणणे रास्त आहे. भार एका बाईच्या खांद्यावरून काढून दुसऱ्या बाईच्या खांद्यावर टाकणे, ही काही वाटणी नव्हे. भार सर्वांत वाटला पाहिजे, आणि त्या सर्वांत पुरुष व मुलगेही आले.

याकरिता काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवितो. रविवारी मिस्सेहून परतल्यावर सर्वांनी एकत्र बसून आठवड्याची कामे नावानिशी वाटून घ्यावीत. पाणी भरणे, भाजी आणणे व निवडणे, भांडी विसळणे, यांतील एकही काम बारा वर्षांच्या मुलास न जमण्याजोगे नाही. रोजचा एक तास तिचा म्हणून ठरवावा आणि त्या तासात घरास आग लागल्याखेरीज तिला हाक मारू नये. परीक्षेच्या महिन्यात पाहुण्यांना प्रेमाने पुढची तारीख द्यावी. विद्यार्थिनीनेही हाव धरू नये. झेपेल तेवढेच विषय घ्यावेत.

तसे करण्यास आज वाटाही आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा एकेक विषय करून पाच वर्षांच्या अवधीत देता येते, आणि ती मराठीतून व गुजरातीतूनही देता येते. पुढच्या शिक्षणास १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९९४ पासून आहे. दारे उघडी आहेत. उंबरठा ओलांडायचा राहिला आहे तो घराचा.

तेव्हा, वाचकहो, आपल्या घरी अशी एखादी विद्यार्थिनी असेल, तर तिच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटण्याची तयारी अवश्य ठेवा. परंतु त्याआधी, आज रात्री जेवणे झाल्यावर, तिच्या पुढ्यातील भांडी कोणीतरी उचला. अभ्यासाला तिला तेवढा वेळ पुरेल.