नागवी भिंत म्हणजे जुनी भिंत नव्हे

गेल्या विकांताला ऑफिसची गँग घेऊन गोव्याला गेलो होतो. बाकीचे बीचवर पडले, मी हट्टाने ओल्ड गोव्याला निघालो. (हो, प्रत्येक ग्रुपमध्ये असतो तो बोअर माणूस मीच.) एकजण दया येऊन सोबत आला. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या पांढऱ्याशुभ्र चर्चच्या पश्चिमेला सेंट कॅथरिनचं छोटंसं चॅपेल आहे, लाल-तपकिरी, उघड्या दगडाचं. ते बघून हा म्हणतो, "हे खरं ऑथेंटिक! त्या मोठ्या चर्चला उगाच चुना फासलाय."

माझी सटकलीच. तर मंडळी, आजचा लेख त्या एका वाक्यावर.

आधी इतिहास. २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरिनचा दिवस. अल्बुकर्कने आदिलशाहीतलं हे शहर त्या वर्षात दुसऱ्यांदा घेतलं, मुसलमान रहिवाशांची कत्तल केली, आणि विजयाची आठवण म्हणून चॅपेल बांधायला सांगितलं. १५३४ मध्ये त्याला कॅथिड्रलचा दर्जा मिळाला. १५५० मध्ये गव्हर्नर काब्रालने ते वाढवलं आणि शिलालेख बसवला: अल्बुकर्क ज्या दारातून शहरात शिरला ते दार इथेच होतं. दर्शनी बाजूला दोन मनोरे, मधे त्रिकोणी माथा, आत एकच वेदी, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. नकाशा पोर्तुगालच्या चर्चेसचा, दगड मात्र आपला जांभा.

ज्यांचं आजोळ कोकणात आहे त्यांना चिरा सांगायला नको. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक. पण कितीही कडक झाला तरी अंगभर भोकं, पाणी पितो. आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत! म्हणून बांधणारे वरून चुन्याचा गिलावा द्यायचे. झिजायचं ते त्याने, दगडाने नाही. झिजला की नवा द्यायचा. या चॅपेलवर त्या गिलाव्याच्या खुणा अजून दिसतात. म्हणजे माझ्या मित्राला जे 'ऑथेंटिक' वाटलं, ते खरं तर कपडे काढून पावसात उभं केलेलं चॅपेल आहे.

आणि ही आवड काही आजची नाही. जवळच्या बॉम जीझस बॅसिलिकाचा गिलावा १९५० च्या दशकात मुद्दाम काढला गेला, बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. का, तर इमारत जुनी दिसावी! आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल काढून टाकली, कारण सर्व्हर तसा जास्त छान दिसतो. तेव्हापासून पाऊस थेट जांभ्यावर. २०२० मध्ये बॅसिलिकाच्या रेक्टरांनीच गिलावा परत द्या अशी जाहीर मागणी केली. त्यावर म्हणणारे म्हणतात, लोकांना आता लाल बॅसिलिकाच ओळखीची आहे, जसं आहे तसं जपा. अहो, मग जपताय काय? सोळाव्या शतकातली कल्पना की १९५० ची हौस?

(सिमेंट थापा असं मी म्हणत नाहीये हं. सिमेंट भिंतीतली ओल आतच कोंडतं. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो.)

काहीजण म्हणतील, कत्तल करणाऱ्याच्या विजयाचं चॅपेल, पडलं तर पडलं, तुला काय एवढं? पण तो शिलालेख भिंतीबरोबर गेला तर ती हकिगत सांगणारा त्या जागेवरचा दगडच गेला. मला अल्बुकर्कचं कौतुक नाही. पुरावा मात्र हवा आहे.

असो. चिडण्याचं खरं कारण वेगळंच आहे. दोन वर्षांपूर्वी मामाने राजापूरकडचं आमचं घर होमस्टेसाठी 'रस्टिक' केलं. पडवीचा गिलावा खरवडून चिरे उघडे केले. फोटो झकास आले, बुकिंगही आली. मी फोनवर भांडलो तर म्हणाला, "अरे, मुंबईच्या लोकांना हेच आवडतं." यंदा गणपतीला गेलो तेव्हा मामी रोज सकाळी पडवीतली लाल माती सुपलीत भरत होती. भिंतीची होती ती.

मामाला चुन्याचं काम येणारा गवंडी शोधून देतो म्हणालोय. अजून सापडलेला नाही. तुमच्या गावाकडे कोणी असेल तर कळवा.