खामगावच्या जुन्या जिनिंगची नोंद घ्या

मँचेस्टर शहराच्या मध्यभागातून पायी जाता येईल इतक्या अंतरावर अँकोट्स नावाची वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे वाफेवर चालणाऱ्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या. मरे बंधूंची जुनी गिरणी १७९८ सालची. गिरण्यांना लागून कालवा आणि मागे कामगारांच्या कोंदट खोल्या. फ्रेडरिक एंगल्सने १८४५ साली इंग्लंडच्या कामगारवर्गावर पुस्तक लिहिले, त्यात या वस्तीचे वर्णन आहे. विसाव्या शतकात सूतधंदा बसला आणि गिरण्या ओस पडल्या. पण १९८९ मध्ये हा भाग संरक्षित म्हणून जाहीर झाला. आज त्या गिरण्यांत लोक राहतात, कचेऱ्या चालतात, एका जुन्या चर्चमध्ये हॅले वाद्यवृंदाची तालीम होते. घरे महाग झाली, गरिबाला तिथे जागा उरली नाही, ही तक्रार खरीच आहे. तरीही कोणती इमारत कोणत्या साली, कोणी आणि कशासाठी बांधली, हे तिथल्या शाळकरी मुलालाही शोधून काढता येते.

बुलडाणा जिल्ह्यात हे सांगायचे कारण खामगाव.

१८२० च्या सुमारास इथे काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली. तूप, सूत आणि थोडाफार कापूस एवढाच व्यवहार होता. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानची आठवण झाली. अँकोट्समध्ये बारीक सूत निघे, त्याला आपला आखूड धाग्याचा कापूस फारसा उपयोगाचा नव्हता. जाड्याभरड्या सुताच्या गिरण्यांनी मात्र तो उचलला. खामगाव बघता बघता वऱ्हाडातली सगळ्यात मोठी कापूस बाजारपेठ झाले. १८६७ मध्ये नगरपालिका आली. १८७० च्या मार्चमध्ये जलंब ते खामगाव ही आठ मैलांची रेल्वे सुरू झाली. आठ मैलांच्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, यावरून त्या फाट्याचे वजन कळावे.

हा फाटा कशासाठी होता, ते लपवून ठेवलेले नव्हते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कारनॅक याने अहवालात हिशेब स्पष्ट मांडला होता. रेल्वे आली की विलायती कापड इथल्या कापडाला भावात हरवेल, इथल्या चरख्यांवर खपणारा कापूस निर्यातीला सुटेल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीसाठी मोकळे होतील. पुढे बऱ्याच अंशी तसेच घडले. कोष्टी आणि साळी यांचे माग थंडावले, पराटीखालचे क्षेत्र वाढत गेले. खामगावात सरकी काढणारे जिनिंग आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले. गठाण इथेच घट्ट दाबली जायची, रेल्वेत चढायची आणि मुंबईच्या बंदरावरून पुढे जायची. नफ्याचा मोठा वाटाही तिच्याबरोबर बाहेर जात होता.

या जिनिंगमध्ये राबणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. सरकी काढणाऱ्या यंत्रासमोर, म्हणजे चरक्यासमोर, बसून कापूस लावायचा, दिवसभर उडणारी रुईची धूळ छातीत घ्यायची. हंगाम तेजीत असला की काम रात्रीही थांबत नसे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा वर्षात चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ मध्ये. मधल्या तीस वर्षांत किती बायांनी किती तास काम केले, किती जणी खोकत घरी गेल्या, याचा जाब कोणाला विचारता येत नव्हता. अँकोट्सच्या कामगाराला निदान एंगल्स तरी भेटला. मुंबईच्या गिरणगावावर कथा, नाटके, सिनेमे झाले, गिरणी कामगारांच्या आठवणी पुस्तकांत आल्या. त्या गिरण्यांना रुई पुरवणाऱ्या गावांतली बाई मात्र मराठीत क्वचितच कुठे दिसते. मला ही मोठी उणीव वाटते, आणि ती अजून भरून काढता येण्यासारखी आहे.

खामगावचा पहिला क्रमांक पुढे अमरावतीने घेतला. १९०५ मध्ये हे गाव अकोला जिल्ह्यातून बुलडाण्यात आले. आज खामगावची ओळख चांदीच्या बाजाराची. औद्योगिक वसाहतीत साबणाचा मोठा कारखाना आहे, बाजार समितीत सोयाबीनचे ढीग लागतात. नवे धंदे आले याचा आनंदच आहे. पण वऱ्हाडातल्या अनेक गावांत जुन्या जिनिंगच्या जागी ले-आउट पडले, मंगल कार्यालये आणि दुकानांच्या रांगा झाल्या. चिमणी पाडली, यंत्रे भंगारात गेली, आणि पाडण्याआधी एक साधे मोजमापही कोणी घेतले नाही. खामगावात तसे होऊ नये.

प्रत्येक जुनी भिंत राखा, असे म्हणणे नाही. जागा मालकांची आहे आणि त्यांना तिचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण नगर परिषदेने जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या जागांची यादी करावी, नकाशे आणि छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि पाडण्याची परवानगी देण्यापूर्वी ही नोंद पूर्ण झाल्याचे पाहावे. एखादा प्रेस, एखादा स्टीम बॉयलर जिथे आहे तिथेच मुलांना पाहता यावा. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा इथल्या महाविद्यालयांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना जिनिंगमध्ये काम केलेल्या म्हाताऱ्या बायांकडे आणि हमालांकडे पाठवावे, त्यांच्या तोंडून ऐकावे आणि लिहून घ्यावे. याला कोट्यवधींचा निधी लागत नाही. मात्र हे सांगणारी माणसे फार दिवस राहणार नाहीत, म्हणून काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.

आणि ज्या घरांत जुन्या जिनिंगच्या वह्या, हजेरीपुस्तके, गठाणींच्या पावत्या किंवा फोटो पडून असतील, त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत देऊ नयेत. जवळच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात नेऊन द्यावेत.