परसांतील हळवा टोमॅटो

शेतीच्या मासिकांतून टोमॅटोविषयीं जें लिहून येतें तें बहुधा एकरांच्या हिशेबानें येतें. एकरीं रोपें किती, तार-बांबूस खर्च किती, शेवटीं पदरांत काय पडलें, इत्यादि. प्रस्तुत लेखांत एकराचा हिशेब नाहीं. घरामागें दहा-बारा हात लांबीच्या वाफ्यांत टोमॅटोचीं जीं वीस-पंचवीस झाडें लागतात, त्यांच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचा विचार आहे.

मी महसूल खात्यांत चौतीस वर्षें कारकुनी केली. गांव नमुना नंबर बारा हातांखालून किती वेळां गेला असेल याची गणती नाहीं. त्यांत ज्वारी आली, ऊंस आला, पड आली. परंतु गांवठाणांतील परसाचें पीक कधीं आलें नाहीं, आणि तें येण्याचें कारणही नाहीं. मात्र ज्याची नोंद नाहीं तें अस्तित्वांतच नाहीं, अशी जी संवय कारकुनाच्या मनास लागते, ती मीं कचेरींतून घरींही आणली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आमच्या कुटुंबानें परसांत टोमॅटोचें एक हळवें वाण वर्षानुवर्षें राखलें होतें. तें त्यांच्या माहेरचें. फळ लहान, किंचित् चपटें, पातळ सालीचें आणि देंठाजवळ हिरव्या खांद्याचें. त्यांच्या आई त्यास बेलवांगी म्हणत. दसऱ्याच्या सुमारास लावलेल्या रोपांस दोन महिन्यांत पहिलें फळ रंगावर येई. मी तें खात आलों. बीं कोठून येतें, कोण ठेवतें, हें कधीं विचारलें नाहीं. त्या वारल्यावर दोन वर्षें परस पडच राहिलें. तिसऱ्या वर्षीं तालुक्याच्या एका दुकानांतून गांवठी म्हणून बियाण्याची पुडी आणली. निम्मीं रोपें एका जातीचीं, निम्मीं भलत्याच जातीचीं निघालीं, आणि फळ धरण्यास फेब्रुवारी उजाडला. तोंवर आडाचें पाणी तळास गेलें होतें.

पुढच्या पावसाळ्यांत फडताळ आवरतांना राखेच्या डब्यांत चिंधीची एक पुरचुंडी सांपडली. बीं निदान चार वर्षांचें होतें. चाळीस दाणे टाकले, त्यांतून अकरा उगवले व नऊ झाडें जगलीं. हा लेख त्या नऊ झाडांमुळें लिहिला आहे.

आतां मुद्द्याकडे येतों. परसबागेस हळवेंच वाण कां हवें? टोमॅटोस थंडी मानवते. रात्रीचें उष्णमान १५ ते २० अंश सेल्सियस असतां फळधारणा चांगली होते. दिवसाचें ३५ अंशांवर गेलें आणि रात्रही उबदार राहूं लागली म्हणजे फूल गळतें. आपल्या देशावरील कोरडवाहू भागांत परसास पाणी असतें तेंही त्याच थंडीच्या दिवसांत. याशिवाय पानें आखडून टाकणारा जो विषाणु पांढरी माशी पसरविते, तिचा जोर उष्ण व कोरड्या हवेंत वाढतो. म्हणजे पाणी, थंडी आणि निरोगी हवा हीं तिन्ही एकत्र मिळण्याचा काळ लहान आहे. ऑगस्टअखेर बीं टाकून सप्टेंबरअखेर रोप लावलें, तर हळवें वाण त्या काळांत आपलें काम उरकतें. गरवें वाण फुलावर येतें तेव्हां आपण पोहरा घेऊन आडाकडे पाहत बसतों.

संकरित वाणांस दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. नारायणगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथून जो माल गाड्या भरून दूरदेशीं जातो, त्यास टणक फळ व जाड साल हवीच. आमचें फळ त्या गाडींत घातलें तर मुक्कामीं रसच उतरून घ्यावा लागेल. पण गाडीसाठीं निवडलेलें वाणच ताटासाठींही निवडलें पाहिजे असा नियम कोणीं केला? हिरव्या खांद्याचीच गोष्ट घ्या. बाजारास फळ सर्वांगीं सारखें रंगलेलें हवें, म्हणून सुमारें सत्तर वर्षें तसेंच वाण निवडीत आले. इ. स. २०१२ मध्यें अमेरिका व स्पेन येथील संशोधकांनीं ‘सायन्स’ नियतकालिकांत दाखविलें कीं, या निवडीनें फळांतील हरितद्रव्य वाढविणारा एक जनुक निकामी झाला, आणि त्याबरोबर फळांतील साखरही घटली. आपल्या घरांतील बायका हिरव्या खांद्याचें फळ कालवणास वेगळें काढीत, त्यांना हें जनुकावांचून कळलें होतें.

कोणी म्हणेल, बाजारांत टोमॅटो स्वस्त असतांना एवढी यातायात कशाला? तो स्वस्त असतो तेव्हां आपलेच बंधु रडत असतात. २०२१ च्या ऑगस्टांत नाशिक भागांत भाव कोसळला आणि माल रस्त्यावर ओतला गेला. २०२३ च्या जुलैंत तोच टोमॅटो शहरांतून किलोस शंभर रुपयांवर गेला. हळव्या परसबागेनें पावसाळ्यांतील ती महागाई टळत नाहीं, हें खरें आहे व तसा दावाही नाहीं. डिसेंबर-जानेवारींत स्वतःच्या घरांत फवारणीवांचूनचें फळ यावें, आणि दुसऱ्या वर्षींही तेंच यावें, एवढीच माझी मागणी आहे.

हें दुसऱ्या वर्षाचें काम आपण हातानें बिघडवितों. पहिलीं फळें नवलाईचीं म्हणून कोशिंबिरींत जातात आणि हंगाम सरतांना झाडावर जें रोगट, उशिराचें फळ उरतें तें बियाण्यास ठेवलें जातें. घरगुती वाणांत थोडी सरमिसळ असतेच. त्यांतून दरवर्षीं अशी उशिराची निवड होत गेली, तर हळवें वाण आपोआप गरवें होऊन बसतें आणि मग आपण मातीस बोल लावतों. ज्या निरोगी झाडास प्रथम फळ रंगेल त्यास दोरा बांधावा, आणि त्या झाडाचीं दुसऱ्या-तिसऱ्या घोसाचीं फळें बियाण्यास राखावीं. मुलांस तसें बजावून ठेवावें. आमच्या नातवानें दोरा बांधलेलेंच फळ प्रथम तोडलें, कारण तें सर्वांत लाल होतें.

भेसळीची भीति फारशी नाहीं. टोमॅटोच्या फुलांत परागकोशांची नळी स्त्रीकेसराभोंवतीं असल्यामुळें पराग बहुतेक आपल्याच फुलावर पडतो. शेजारीं संकरित पीक असलें तरी थोडें अंतर सोडल्यास पुरतें. मात्र त्या संकरित फळाचेंच बीं धरलें तर पुढच्या पिढींत नाना तऱ्हांचीं झाडें निघतात. बीं काढण्याची रीत सोपी आहे. पूर्ण पिकलेल्या फळाचा गीर बियांसह मडक्यांत काढून दोन दिवस आंबूं द्यावा. वर साय धरते व चांगलें बीं तळाशीं बसतें. तें चाळणींत चोळून धुवावें आणि ताटलींत सावलीस वाळवावें. कागदावर पसरलें तर चिकटून बसतें. पुडींत वाण व साल लिहिलेली चिठ्ठी घालावी. हें कारकुनाचें सांगणें झालें, पण माझ्या पुरचुंडींत अशी चिठ्ठी असती तर मला वर्षांचा अंदाज बांधत बसावें लागलें नसतें.

आणखी एक सूचना तंबाखू खाणाऱ्या बंधूंस. तंबाखूवरील केवडा रोगाचा विषाणु मळलेल्या हातांनीं टोमॅटोवर जातो. वाफ्यांत उतरण्यापूर्वीं साबणानें हात धुवावेत. मी स्वतः तंबाखू सोडली नाहीं, हात धुतों.

कायद्याविषयीं कित्येकांच्या मनांत शंका असते. वनस्पति वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१, कलम ३९ अन्वयें शेतकऱ्यानें बीं राखणें, पेरणें, अदलाबदल करणें, वांटणें व विकणें हा त्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचें बीं नाममुद्रा लावून विकूं नये एवढीच मर्यादा. तेव्हां शेजाऱ्यास चिमूटभर बीं देण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं.

नऊ झाडांचें बीं धरून आतां दोन हंगाम झाले. गेल्या संक्रांतीस तिळगुळाबरोबर मीं तें पांच घरीं दिलें, त्यांतील एक त्यांचें माहेर आहे. तेथील वाण केव्हांच गेलें होतें.