देश, वेश आणि यजमान

नव्या समाजांत जाऊन पडलेला एखादा तरुण चार-सहा महिन्यांनीं उदास दिसूं लागला, म्हणजे आपल्याकडील वडीलधारी मंडळी त्याला एकच औषध सांगतात : ‘जसा देश तसा वेश.’ म्हण जुनी आहे, आटोपशीर आहे. परंतु या बाबतींत ती अपुरी, किंबहुना अन्यायाची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तींत सारा भार येणाराच्या माथीं मारलेला असून यजमान समाजाला कोणतेंच कर्तव्य सांगितलेलें नाहीं.

मुळांत हें दुःख वेशाचें नव्हेच. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनीं १९६० सालीं ‘सांस्कृतिक धक्क्या’वर लिहितांना त्याचें कारण नेमकें दाखविलें. भेटतांना काय बोलावें, आमंत्रण केव्हां स्वीकारावें, कोणाचें बोलणें खरें मानावें, अशा शेंकडों बारीक खुणांच्या आधारानें माणूस स्वतःच्या समाजांत नकळत वावरत असतो. परक्या ठिकाणीं त्या खुणाच नाहींशा होतात.

वेशाचाच प्रश्न असता, तर नॉर्वेच्या माणसाला अमेरिकेंत त्रास होण्याचें कारण नव्हतें. पोशाख तोच, धर्म बहुधा तोच, वर्णहि तोच. तथापि फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियनांची पाहणी स्वेर लिसगार्ड यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केली, तींत काय आढळलें? ज्यांचा मुक्काम सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून अधिक, ते त्यांतल्या त्यांत बरे. मधल्यांचें मात्र तितकेंसें जमलें नाहीं. लिसगार्ड यांची उपपत्ति अशी कीं, आरंभीं वरवरची ओळख पुरते; पुढें मन मैत्री मागूं लागतें, आणि ती मिळेपर्यंतचा काळ एकटेपणांत जातो. आतां मैत्री ही कांहीं एकट्यानें करावयाची गोष्ट नव्हे!

आपलेंच उदाहरण घ्या. १८८३ सालीं अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं निघण्यापूर्वीं भर सभेंत सांगितलें होतें, आणि तो शब्द त्यांनीं पाळला. लुगडें सोडलें नाहीं. तरी १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या विद्यालयांतून त्या डॉक्टर झाल्या. तेथील थंडी त्यांच्या प्रकृतीस मानवली नाहीं, हें खरें. परंतु परकेपणा सुसह्य झाला तो वेशामुळें नव्हे, तर रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं आपलें घर उघडलें म्हणून. १८८७ सालीं आनंदीबाई पुण्यांत वारल्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत विसांवली आहे. देशानें वेश मागितला नाहीं; एका कुटुंबानें आपल्या माणसांत जागा दिली.

कोणी म्हणेल, पाहुण्यानें घरची रीत शिकूं नये काय? अवश्य शिकावी. पण शिकविणारा कोण? घरीं माडिया बोलणारा भामरागडचा मुलगा पुण्याच्या वसतिगृहांत येतो. तो ‘पाणी’स ‘पानी’ म्हणाला कीं हशा पिकतो. जेवणाच्या टेबलाशीं त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. आणि तो गप्प बसूं लागला, कीं आम्हीच म्हणतों, ‘मिसळत नाहीं बुवा!’ परदेशांत आपल्या मुलांना कोणी हंसलें तर आम्ही संतापतों. आणि पुणें तर त्या मुलाचा परदेशहि नव्हे!

तेव्हां उपदेश आतां पुरे. पहिल्या सहामाहीचें कौतुक ओसरून नवा मुलगा मुका होऊं लागतो, तेव्हांच त्याला घरीं जेवावयास बोलवावें, आणि तें आमंत्रण तोंडदेखलें नाहीं हें कळावें म्हणून वार व वेळ ठरवून बोलवावें. त्याच्या बोलीतले चार शब्द आपणहि विचारून घ्यावेत. एवढें न करतां ज्याला ती म्हण उच्चारावयाची असेल, त्यानें ती प्रथम स्वतःस ऐकवावी.